इस्राएल आणि मंडळी : एका जैतुनाच्या झाडावरून चाललेला जुना वाद

पुनरुत्थानानंतर येशू चाळीस दिवस शिष्यांना भेटत राहिला. स्वर्गात जाण्याआधी शिष्यांनी त्याला विचारलेला अखेरचा प्रश्न इस्राएलाबद्दलचा होता : प्रभू, इस्राएलाचं राज्य तू आता परत उभं करणार का? ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात तो नोंदलेला आहे. येशू ‘हो’ म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही. काळवेळ पित्याच्या हाती आहे, ती जाणणं तुमचं काम नाही. तुम्ही पृथ्वीच्या शेवटापर्यंत माझे साक्षीदार व्हाल, एवढं सांगून तो दिसेनासा होतो.

एक वाचक म्हणतो, बघा, प्रश्न चुकीचा आहे असं त्याने कुठे म्हटलं? फक्त वेळ सांगितली नाही. म्हणजे राज्य यायचं आहेच. दुसरा म्हणतो, अहो, त्याने विषयच बदलला. शिष्य एका राष्ट्राचं विचारत होते, त्याने त्यांना सगळं जग दाखवलं. दोघेही भाविक, दोघांच्या हातात तेच पान. इस्राएल आणि ख्रिस्ती मंडळी, म्हणजे ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा समुदाय (चर्च), यांचं नातं काय, या प्रश्नावर ख्रिस्ती लोकांत जे मतभेद आहेत, ते बरेचसे या दोन वाचकांच्या भांडणातून उलगडत जातात.

आधी शब्दांचं बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. इस्राएल हे मुळात एका माणसाचं नाव. याकोब रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंजला, मांडीचा सांधा निखळला तरी सोडेना, तेव्हा त्याला हे नाव मिळालं. पुढे ते त्याच्या बारा मुलांच्या वंशाचं झालं. शलमोनानंतर राज्य दुभंगलं तेव्हा फक्त उत्तरेकडच्या राज्याला ते चिकटलं. आणि मे १९४८ मध्ये एका आधुनिक देशाने ते घेतलं. मराठीत निदान लिहिताना एक सोय आहे : बायबलमध्ये ‘इस्राएल’, वर्तमानपत्रात ‘इस्रायल’. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग एकच, त्यामुळे व्यासपीठावरून बोलणारा एकातून दुसऱ्यात कधी शिरला हे ऐकणाऱ्याला कळतही नाही. या लेखात मी तो फरक पाळणार आहे.

‘मंडळी’ हा शब्दही वाटतो तितका नवा नाही. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागात, त्याच्या जागी ग्रीक ‘एक्लेसिया’ आहे. पण ख्रिस्ताच्याही आधी यहूद्यांनी आपल्या हिब्रू शास्त्राचं ग्रीक भाषांतर केलं, तेव्हा देवापुढे जमलेल्या इस्राएल लोकांसाठी हाच शब्द अनेक ठिकाणी वापरला होता. मंडळीतला पहिला हुतात्मा स्तेफन आपल्या शेवटच्या भाषणात मोशेबरोबर रानात असलेल्या लोकांना ‘एक्लेसिया’च म्हणतो. म्हणजे मंडळीने स्वतःसाठी जे नाव घेतलं तेच मुळी इस्राएलच्या घरातलं.

तिसरा शब्द ‘करार’. उत्पत्तीच्या पुस्तकात देव अब्राहामाशी करार करतो आणि तीन गोष्टींचा शब्द देतो : तुझा वंश मोठा होईल, ही भूमी त्यांची होईल, आणि तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वाद पावतील. या अभिवचनाचा वारस आज कोण, हा झाला वादाचा गाभा. वंशज? विश्वासणारे? की दोघेही, आपापल्या परीने?

उलटा प्रश्न

आज हा विषय निघाला की लोक विचारतात, यहूदी लोकांचं देवाच्या योजनेत आता स्थान काय? पहिल्या शतकात प्रश्न नेमका उलटा होता. येशू यहूदी, बाराही प्रेषित यहूदी, नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणारा पौल तर स्वतःला बन्यामिनाच्या वंशातला, इब्र्यांतला इब्री म्हणवणारा. येशूला मशीहा, म्हणजे यहूदी ज्याची वाट बघत होते तो तारणारा, मानणं ही यहूदी धर्माच्या आतली गोष्ट होती. अडचण झाली ती परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले लोक, विश्वास ठेवू लागले तेव्हा. यांना आत घ्यायचं का? घ्यायचं तर सुंता करून, नियमशास्त्र पाळायला लावून, की आहेत तसे? इसवी सनाच्या ४९च्या सुमारास यरुशलेमात प्रेषित आणि वडील यांची बैठक बसली ती याच प्रश्नावर. ठरलं ते असं की परराष्ट्रीयांवर सुंतेचं ओझं घालायचं नाही. मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म एवढं टाळा म्हणजे झालं.

हा निर्णय किती धाडसी होता हे समजायला एक दगड पुरेसा आहे. यरुशलेमच्या मंदिरात बाहेरच्या अंगणापर्यंत कोणीही येऊ शके, पण पुढे एक बुटका कठडा होता आणि त्यावर ग्रीकमध्ये ताकीद कोरलेली होती : परक्या वंशाच्या माणसाने या आत पाऊल टाकू नये, जो सापडेल तो आपल्या मरणाला स्वतः जबाबदार. त्यातला एक अख्खा दगड १८७१ मध्ये सापडला आणि तो आज इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. पौलावर यरुशलेमात जमाव धावून गेला तो याच कारणाने : इफिसकर त्रफिम नावाच्या परराष्ट्रीयाला त्याने आत नेलं, असा आरोप होता. आता इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातली ओळ वाचा. ख्रिस्ताने दोघांना एक केलं आणि ‘मधली आडभिंत पाडली’. ज्यांनी तो कठडा पाहिला होता त्यांना ही नुसती उपमा वाटली नसणार.

त्याच पत्रात परराष्ट्रीय हे इस्राएलच्या नागरिकत्वात सामील झाले, असं म्हटलं आहे. सामील झाले, इस्राएलला हटवून त्याच्या जागी बसले नाहीत. पण हा फरक पुढच्या पिढ्यांत पुसट होत गेला.

भाडेकरू घराचे मालक होतात

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर जाळलं. १३२ ते १३५ या काळात बार कोखबा या यहूदी पुढाऱ्याचं रोमविरुद्ध बंड झालं, तेही चिरडलं गेलं आणि यरुशलेममध्ये यहूद्यांना प्रवेशबंदी झाली. तोपर्यंत मंडळीत परराष्ट्रीयांची संख्या वाढून यहूदी विश्वासणारे मूठभर उरले होते. बाहेरून आलेल्यांनी मागे वळून पाहिलं तर मंदिर नाही, याजक नाहीत, देश नाही. त्यातून त्यांनी निष्कर्ष काढला : देवाने त्यांना सोडलं आणि आपल्याला निवडलं.

दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने ट्रायफो नावाच्या यहूद्याशी झालेला संवाद लिहिला. त्यात तो शास्त्रवचनं सांगता सांगता म्हणतो की ही तुमच्या शास्त्रात आहेत. नव्हे, तुमच्या नाही, आमच्या. खरा, आत्मिक इस्राएल आम्हीच, हेही तो सांगून टाकतो. याच विचाराला पुढे इंग्रजीत ‘सुपरसेशनिझम’ किंवा ‘रिप्लेसमेंट थिऑलॉजी’ अशी नावं पडली. मराठीत सरळ म्हणायचं तर, जागा घेण्याचा सिद्धान्त : इस्राएलची जागा मंडळीने घेतली, अभिवचनं इकडे आली, शाप तिकडे राहिले.

मात्र जस्टिनच्या काळात याहून टोकाचा एक पर्याय समोर होता, हे विसरून चालणार नाही. मार्शन नावाच्या श्रीमंत जहाजमालकाचं म्हणणं असं, की हिब्रू शास्त्रातला देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. जुना करार फेकून द्या. १४४च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. मंडळीने जुना करार ठेवला, आणि ठेवल्यामुळेच तिला पेच पडला. ज्या पुस्तकात पानोपानी इस्राएल आहे ते पुस्तक आपलं म्हणायचं, तर इस्राएलचं काय केलं हे सांगावं लागतं.

पाचव्या शतकात ऑगस्टीन या बिशपने एक उत्तर काढलं, ते पश्चिम युरोपात हजार वर्षं टिकलं. स्तोत्र ५९ मधल्या ‘त्यांना जिवे मारू नको’ या ओळीचा आधार घेऊन तो म्हणाला, यहूद्यांना मारायचं नाही. ते विखुरलेले राहोत आणि आपली शास्त्रं सांभाळोत, म्हणजे ही भाकितं ख्रिस्ती लोकांनी मागाहून रचली असं कोणी म्हणू शकणार नाही. जिवंत ठेवायचं, पण साक्षीदार म्हणून आणि खालच्या पायरीवर. यात संरक्षण होतं आणि अपमानही होता. संरक्षणाचा भाग जमावाला फारसा पटला नाही.

स्ट्रासबूर्गच्या कॅथेड्रलमध्ये १२३०च्या सुमाराला घडवलेल्या दोन स्त्रियांच्या मूर्ती हा विचार डोळ्यांना दाखवतात. एक एक्लेसिया, म्हणजे मंडळी : डोक्यावर मुकुट, एका हातात क्रूस, दुसऱ्यात प्याला, ताठ उभी. दुसरी सिनागोगा, म्हणजे सभास्थान : डोळ्यांवर पट्टी, हातातला भाला मोडलेला, नियमशास्त्राच्या पाट्या बोटांतून निसटत चाललेल्या, मान वळलेली. शिल्पकार कुशल होता. हरलेली मूर्ती जिंकलेलीपेक्षा सुंदर आहे, असं अनेकांना वाटतं, मलाही वाटतं. पण फेब्रुवारी १३४९ मध्ये त्याच शहरात, यहूद्यांनी विहिरींत विष घातलं या अफवेवरून शेकडो यहूद्यांना जाळण्यात आलं. प्लेग तेव्हा शहरात पोचलाही नव्हता. दगडातली पट्टी आणि रस्त्यावरची आग यांचा थेट कार्यकारणभाव सिद्ध करता येत नाही, हे खरं. पण जे लोक पिढ्यान्‌पिढ्या ती मूर्ती बघत चर्चमध्ये शिरत होते, त्यांच्या मनात शेजारच्या यहूद्याबद्दल काय घडत असेल याचा अंदाज करायला फार विद्वत्ता लागत नाही.

धर्मसुधारणेनेही यात फरक पडला नाही. मार्टिन लूथरने १५२३ मध्ये येशू जन्माने यहूदी होता याची आठवण देत यहूद्यांशी प्रेमाने वागा असं लिहिलं, आणि १५४३ मध्ये त्यांची सभास्थानं जाळा असं लिहिलं. यहूदी त्याच्या अपेक्षेप्रमाणे ख्रिस्ती झाले नव्हते. त्याच्या नावाच्या चर्चांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस ते लिखाण जाहीरपणे नाकारलं.

एक लोक की दोन?

आजच्या प्रोटेस्टंट जगात दोन मोठ्या विचारसरणी आमनेसामने आहेत.

पहिली करारावर उभी आहे. धर्मसुधारक जॉन कॅल्विनच्या परंपरेतले, म्हणजे रिफॉर्म्ड आणि प्रेस्बिटेरियन लोक हिचे वारस. सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासघोषणेत ती नेटकेपणी मांडली आहे : आदामाच्या पतनानंतर देवाचा कृपेचा करार एकच, फक्त तो राबवण्याच्या तऱ्हा बदलल्या. आधी वल्हांडण आणि सुंता, आता प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा. म्हणून हे लोक लहान बाळांनाही बाप्तिस्मा देतात. अब्राहामाच्या घरात आठ दिवसांच्या मुलाची सुंता होत होती ना? या मताप्रमाणे देवाचे लोक पहिल्यापासून एकच आहेत. अब्राहामही त्यात, पौलही त्यात, आजचा विश्वासणाराही त्यात. या मताच्या लोकांना ‘तुम्ही जागा घेण्याचा सिद्धान्त मानता’ असं म्हटलं की राग येतो. ते म्हणतात, आम्ही जागा घेतली नाही, कुटुंब वाढलं. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण कुटुंब वाढल्यावर मूळच्या घरच्यांचं वेगळेपण उरतं का, असं विचारलं की त्यांच्यातही एकवाक्यता नसते.

दुसरी विचारसरणी तुलनेने नवी आहे, जेमतेम दोनशे वर्षांची. जॉन नेल्सन डार्बी हा आयर्लंडमधल्या अँग्लिकन चर्चचा पाळक. ते चर्च सोडून तो प्लिमथ ब्रदरन या गटात पुढारी झाला आणि १८३०च्या दशकापासून त्याने मांडलं की देवाच्या योजनेत दोन वेगवेगळे लोक आहेत. इस्राएल पृथ्वीवरचे, त्यांची अभिवचनं पृथ्वीवरची : भूमी, राज्य, यरुशलेमात सिंहासन. मंडळी स्वर्गातली, तिची आशा स्वर्गातली. देव मानवाशी टप्प्याटप्प्याने, वेगवेगळ्या युगांत वेगवेगळ्या रीतीने वागतो. या युगांना ‘डिस्पेन्सेशन’ म्हणतात, म्हणून या मताला डिस्पेन्सेशनॅलिझम.

यातलं घड्याळ समजून घेण्यासारखं आहे. दानीएलाच्या नवव्या अध्यायात इस्राएलासाठी सत्तर ‘सप्तकं’ ठरवलेली आहेत. एक सप्तक म्हणजे सात वर्षं धरली तर ४९० वर्षं. या मताप्रमाणे एकोणसत्तर सप्तकं मशीहापर्यंत संपली. इस्राएलने मशीहाला नाकारलं आणि घड्याळ थांबलं. मंडळीचा आजवरचा सगळा काळ त्या थांबलेल्या घड्याळाच्या दोन ठोक्यांमधला, जणू वाक्यातला कंस. एके दिवशी मंडळी अचानक वर उचलली जाईल, घड्याळ पुन्हा सुरू होईल, उरलेली सात वर्षं महासंकटाची असतील आणि अखेर इस्राएल आपल्या मशीहाला ओळखेल. सायरस स्कोफील्ड या अमेरिकन पाळकाने १९०९ मध्ये बायबलच्याच पानांवर तळटिपा छापून हे सगळं घरोघरी पोचवलं. वचन वर, टीप खाली. वर्षानुवर्षं वाचता वाचता अनेकांना कुठली ओळ बायबलची आणि कुठली स्कोफील्डची हे आठवेनासं झालं, असं त्याचे टीकाकार म्हणतात.

डार्बीच्या मताची थट्टा करणं सोपं आहे, पण त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. देवाने इस्राएलला दिलेला शब्द हा इस्राएललाच दिलेला शब्द आहे, हे त्याने गंभीरपणे घेतलं, तेही अशा काळात जेव्हा बहुतेक ख्रिस्ती लोक तो शब्द सहज आपल्या नावावर करून मोकळे होत होते.

दोन्ही बाजू कशा वाचतात याचा एक नमुना बघू. आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात दावीदाचा पडलेला मंडप देव पुन्हा उभारील, असं आहे. यरुशलेमच्या त्या बैठकीत याकोबाने (हा येशूचा भाऊ, झुंजलेला याकोब नव्हे) हीच वचनं म्हणून दाखवली आणि सांगितलं की परराष्ट्रीय आत येत आहेत त्याच्याशी संदेष्ट्यांचे हे शब्द जुळतात. करारवाले म्हणतात, झालं, प्रेषितांनीच अर्थ लावून दिला. मंडप म्हणजे मंडळी. पण आमोसाचा तो अध्याय तिथे संपत नाही. याकोब अकराव्या-बाराव्या ओवीवर थांबला, आणि पंधराव्या ओवीत देव म्हणतो की मी त्यांना त्यांच्या भूमीत रुजवीन आणि ते पुन्हा कधीच उपटले जाणार नाहीत. डार्बीवाले बोट ठेवतात ते तिथे.

यिर्मया या संदेष्ट्याचंही तसंच. ‘नवा करार’ हे शब्द पहिल्यांदा येतात ते त्याच्या एकतिसाव्या अध्यायात, आणि तो करार होतो तो ‘इस्राएलाच्या व यहूदाच्या घराण्याशी’. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने हा उतारा सलग उद्धृत केला आणि पहिला करार जुना झाला असं म्हटलं. पण उतारा चौतिसाव्या ओवीला थांबतो. पस्तिसाव्या ओवीपासून यिर्मया सूर्य, चंद्र, तारे यांची साक्ष काढतो : हे नेम जोवर टळत नाहीत तोवर इस्राएल माझ्यापुढे राष्ट्र म्हणून राहीलच. उतारा कुठे तोडायचा, यात बरंच काही ठरून जातं.

भूमीबद्दलही असंच आहे. करारवाले यहोशवाच्या पुस्तकाकडे बोट दाखवतात : परमेश्वराने इस्राएलला सगळा देश दिला, एकही अभिवचन निष्फळ झालं नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. शिवाय पौल म्हणतो, अब्राहामाला ‘जगाचा’ वारस होण्याचं अभिवचन मिळालं. म्हणजे भूमीचा तुकडा फुगून पृथ्वीएवढा झाला. समोरचे विचारतात, एखाद्याला शेत देतो म्हणून शब्द दिला आणि नंतर म्हटलं की शेत म्हणजे मी सगळी पृथ्वी म्हणत होतो आणि तीही सर्वांना, तर त्याला शेत मिळालं का?

गेल्या चाळीसेक वर्षांत दोन्ही तट थोडे जवळ आले आहेत. डार्बीच्या परंपरेतल्याच काही अभ्यासकांनी दोन लोक, दोन नशिबं ही कडक विभागणी सोडली. तारण एकच, पण इस्राएलच्या राष्ट्रीय भविष्याला जागा ठेवायची, असं ते म्हणतात. ऑर्थोडॉक्स चर्च या भांडणात फारसं पडलेलं नाही. मंडळी म्हणजे पूर्णत्वाला गेलेला इस्राएल, हे त्यांच्या उपासनेत इतकं मुरलेलं आहे की त्यावर वाद घालावा असं त्यांना वाटत नाही.

रानटी फांदीला तंबी

सगळे पक्ष शेवटी येऊन थांबतात ते रोमकरांस पत्राच्या नऊ ते अकरा या अध्यायांवर, आणि त्यातही अकराव्यातल्या जैतुनाच्या झाडापाशी.

हे पत्र ५७च्या सुमाराचं. त्याआधी काही वर्षं सम्राट क्लौद्याने यहूद्यांना रोममधून घालवलं होतं. अभ्यासकांचा कयास असा की तेवढ्या काळात रोमच्या मंडळीत परराष्ट्रीयांचा कारभार सुरू झाला, आणि क्लौद्य गेल्यावर यहूदी विश्वासणारे परतले तेव्हा घरात त्यांना कोणी फारसं विचारेना. पौल या नव्या कारभाऱ्यांना उद्देशून लिहितो. देवाने आपल्या लोकांना टाकलं काय? मुळीच नाही. मग तो झाडाचं चित्र काढतो. एक मशागत केलेलं जैतुनाचं झाड आहे. त्याच्या काही फांद्या अविश्वासामुळे तोडल्या गेल्या. तू रानटी जैतुनाची फांदी, तुझं त्यात कलम झालं, आता मुळाचा रस तुलाही मिळतो. तर त्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नकोस. तू मुळाला धरून ठेवलेलं नाहीस, मुळाने तुला धरलं आहे.

कलम बांधणारा कोणीही सांगेल की रीत याच्या उलट असते. खुंट रानटी, काटक घ्यायचा आणि त्यावर चांगल्या जातीची काडी बांधायची. रानटी काडी चांगल्या झाडावर कोण बांधतं? पौलाला शेतीतलं कळत नव्हतं, असं काहींनी म्हटलं. पण पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोल्युमेला सांगतो की जैतून फळ धरेनासं झालं तर खोडाला भोक पाडून त्यात रानटी जैतुनाची हिरवी काडी घट्ट बसवावी. म्हणजे अगदीच न ऐकलेली गोष्ट नव्हती. आणि पौल तर स्वतःच म्हणतो की हे निसर्गाविरुद्ध झालं आहे. माझ्या मते मुद्दाच तो आहे : तू इथे असणं हेच नवल, तर मग मूळच्या फांद्या आपल्याच झाडावर परत लावणं देवाला किती सोपं!

आता यातून कोणी काय उचललं बघा. जागा घेण्याचा सिद्धान्त मानणाऱ्यांनी तोडलेल्या फांद्या उचलल्या. करारवाल्यांनी उचललं की झाड एकच आहे, दुसरं लावलेलं नाही. भविष्यातल्या इस्राएलवर भर देणाऱ्यांनी फांद्या परत लावल्या जातील हे उचललं. तोरा मिरवू नकोस, ही ओळ मात्र कोणाच्या झेंड्यावर दिसत नाही, आणि अख्ख्या उताऱ्यात आज्ञेच्या सुरात सांगितलेलं पहिलं वाक्य तेच आहे.

पुढे ‘आणि अशा रीतीने सर्व इस्राएल तारलं जाईल’ हे वाक्य येतं. ‘सर्व इस्राएल’ म्हणजे कोण? कॅल्विन म्हणाला, यहूदी आणि परराष्ट्रीय मिळून देवाचे सगळे लोक. काहींच्या मते प्रत्येक पिढीतले विश्वास ठेवणारे यहूदी. बऱ्याच प्युरिटनांना (इंग्लंडमधल्या कडक धर्मसुधारणावाद्यांना) आणि आजच्या पुष्कळ अभ्यासकांना वाटतं, शेवटल्या काळात यहूदी लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ताकडे वळतील. आणि थोडे जण असंही म्हणतात की इस्राएलला देव इस्राएलच्याच करारातून तारील, मंडळीच्या वाटेने नव्हे. मागच्याच ओवीत ‘इस्राएल’ हा शब्द यहूदी लोकांसाठी आला असताना पुढच्या ओवीत त्याचा अर्थ बदलतो हे मला पटत नाही. पण कॅल्विनचा पक्ष पौलाचंच दुसरं वाक्य पुढे करील : इस्राएलात जन्मलेले सगळेच इस्राएल नव्हेत. तेही दोनच अध्यायांआधी आहे.

ऑशविट्झनंतर

साठ लाख यहूदी मारले गेले ते ख्रिस्ती युरोपात. नाझी विचार ख्रिस्ती नव्हता, पण तो ज्या जमिनीत रुजला ती कोणी नांगरली, हा प्रश्न चर्चांना टाळता आला नाही. झ्यूल इझाक या फ्रेंच यहूदी इतिहासकाराची बायको आणि मुलगी नाझींनी मारल्या. त्याने उरलेलं आयुष्य ख्रिस्ती शिकवणुकीतल्या यहूदीद्वेषाचा मागोवा घेण्यात घालवलं आणि जून १९६०मध्ये, ऐंशी वर्षं ओलांडल्यावर, तो पोप तेविसाव्या जॉनला जाऊन भेटला. त्या भेटीचं फळ म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं ‘नोस्त्रा एताते’ हे निवेदन. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ते २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत झालं. येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर लादता येणार नाही, असं त्यात आहे. त्यातलं एक वाक्य लक्ष देऊन वाचण्यासारखं आहे : मंडळी हे देवाचे नवे लोक असले, तरी यहूदी हे देवाने टाकलेले किंवा शापिलेले आहेत असं दाखवू नये. पहिला अर्धा भाग जुना आणि दुसरा नवा. दोन्ही एकत्र कसे बसतात ते सांगायचं पुढच्यांवर सोडलं. १९८० मध्ये माइन्झ शहरात यहूदी प्रतिनिधींपुढे बोलताना पोप दुसऱ्या जॉन पॉलने त्यात भर घातली : तो करार देवाने कधीच रद्द केलेला नाही.

पण देशाचं काय? इस्रायलच्या स्थापनेने आणि १९६७ च्या युद्धात जुनं यरुशलेम त्याच्या ताब्यात आल्याने डार्बीच्या वारसांना घड्याळाची टिकटिक ऐकू आली, विशेषतः अमेरिकेत. इस्रायलला पाठिंबा देणं म्हणजे अब्राहामाला आशीर्वाद देणं, असं मानणारी ख्रिस्ती झायोनिझमची चळवळ फोफावली. त्या मैत्रीत एक अवघड जागा आहे, आणि यहूदी विचारवंतांनी ती अनेकदा दाखवली आहे : या मित्रांच्या भविष्यचित्रात यहूद्यांच्या वाट्याला आधी भयंकर संकट येतं आणि मग जे उरतील ते ख्रिस्ती होतात.

दुसरीकडे बेथलेहेमात, रामल्लात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे पॅलेस्टिनी ख्रिस्ती आहेत. त्यांच्यासाठी यहोशवाचं पुस्तक वाचणं हा अभ्यासाचा विषय नाही; कोणी तेच वचन दाखवून तुमचं शेत मागू शकतो. २००६ मध्ये यरुशलेममधल्या चार चर्चांच्या प्रमुखांनी ख्रिस्ती झायोनिझम ही खोटी शिकवण आहे असं जाहीर केलं. २००९ मध्ये पॅलेस्टिनी ख्रिस्ती नेत्यांनी ‘कैरोस पॅलेस्टाइन’ हे निवेदन काढून म्हटलं की भूमीचं अभिवचन हे सबंध मानवजातीच्या तारणाची सुरुवात होती, राजकीय हक्काचा दस्तऐवज नव्हे. यहूदी टीकाकारांना त्यात जुन्या, जागा घेण्याच्या सिद्धान्ताचा वास आला. दोघांच्याही मनातली भीती खरी आहे, आणि एकाने ‘इस्राएल’ म्हटलं की दुसऱ्याला ‘इस्रायल’ ऐकू येतं.

येशूला मशीहा मानणारे आणि तरीही शब्बाथ पाळणारे, मुलांची सुंता करणारे यहूदी आज आहेत. त्यांना मेसिॲनिक यहूदी म्हणतात. सभास्थान म्हणतं तुम्ही ख्रिस्ती झालात, आणि चर्चमध्ये विचारतात हे सगळं अजून कशाला? पहिल्या शतकात यरुशलेममधली अख्खी मंडळी अशीच होती.

‘नोस्त्रा एताते’ला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी, सप्टेंबर २०१५ मध्ये, फिलाडेल्फियातल्या एका कॅथलिक विद्यापीठात पोप फ्रान्सिसने एका नव्या शिल्पाला आशीर्वाद दिला. त्यात एक्लेसिया आणि सिनागोगा शेजारी शेजारी बसल्या आहेत. एकीच्या हातात पुस्तक, दुसरीच्या हातात गुंडाळी, आणि दोघी एकमेकींच्या हातातलं वाचत आहेत. डोळ्यांवर पट्टी कोणाच्याच नाही. त्याच वर्षी डिसेंबरात व्हॅटिकनच्या यहूदीसंबंध आयोगाने एक दस्तऐवज काढला. नाव पौलाच्याच वाक्यातून घेतलेलं : देवाची कृपादानं आणि पाचारण मागे घेतली जात नाहीत. यहूद्यांना ख्रिस्ती करण्यासाठी कॅथलिक चर्च वेगळं, संघटित असं कार्य चालवत नाही, असं त्यात स्पष्ट केलं आहे. तारण ख्रिस्ताद्वारेच आहे, हेही सोडलेलं नाही. यहूदी देवाच्या तारणात सहभागी आहेत याबद्दल शंका नाही, पण ख्रिस्ताला उघड कबूल न करता ते कसं, हे देवाचं अथांग गूढ आहे, असं लिहून आयोग थांबला. पौलही अकराव्या अध्यायाच्या शेवटी असाच थांबतो. तीन अध्याय युक्तिवाद करून झाल्यावर तो एकाएकी म्हणतो, त्याचे निर्णय किती अगम्य, आणि त्याचे मार्ग किती शोधापलीकडचे. आणि बाराव्या अध्यायात एकमेकांशी कसं वागावं ते सांगायला लागतो.